खैरात पुरे, अर्ज भरा

रमजान आला की आपल्या मोहल्ल्याला दिव्यांग आठवतात. मशिदीच्या दारात दहा-वीसच्या नोटा, एखादी व्हीलचेअर, ती देतानाचा ट्रस्टींचा फोटो. ईदनंतर अकरा महिने तोच माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत अडकून पडतो, त्याची चौकशी कोण करतो?

जकात फर्ज आहे, तिच्याबद्दल वादच नाही. आक्षेप आहे तो जकात देऊन हक्काचा विषय मिटवण्याला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे कलम 37 वाचा. सरकारी घरकुल योजनांत 5 टक्के वाटा किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांचा आहे, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. मोहल्ल्यातल्या किती घरांत हे ठाऊक आहे?

सरकारचेही काही कौतुक नको. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार रुपये. म्हणजे दिवसाला 137. घरातला एक जण रोज हमालीला गेला तरी ती ओलांडली जाते. मग एकतर उत्पन्नाचा खोटा दाखला काढा, नाहीतर अनुदान विसरा. 2025 मध्ये दिव्यांगांचे अनुदान दरमहा 1500 वरून 2500 झाले, चांगलेच झाले. पण एवढ्यात शहरात खोली मिळते का?

आडनाव ऐकून खोली नाकारणारे आहेतच. त्यांच्याविरुद्ध आपण तावातावाने बोलतो. पण आपल्याच गल्लीतला, पाच वक्त नमाज पढणारा घरमालक भाडेकरार करून देत नाही, त्याचे काय? करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून आधारवर जुनाच पत्ता, आणि त्यापायी तहसीलमधून अर्ज परत. त्यात नावांचा घोळ. रेशनकार्डावर ‘शेख’, आधारवर ‘शैख’; एकीकडे ‘बी’, दुसरीकडे ‘बेगम’. एका अक्षरासाठी कुबड्या घेतलेल्या बाईला तीन खेपा. शेवटी एजंट गाठायचा आणि अनुदान सुरू होण्याआधीच त्याचे हात ओले करायचे.

हे काम अवघड नाही, कंटाळवाणे आहे. म्हणूनच कोणी करत नाही. त्यात फोटो निघत नाही ना!

सूरह अबसा आपल्या मुलांना पाठ असते. ती ज्यांच्या निमित्ताने उतरली, त्या अंध इब्न उम्म मक्तूम यांना पैगंबरांनी (स.) अजान देण्याचे काम सोपवले, मदिनेबाहेर जाताना शहरही त्यांच्या हवाली केले. आपण मात्र आपल्या अंध भावाला चपलांच्या रांगेशी बसवतो.

मशिदीच्या, दर्ग्याच्या मालकीच्या तळमजल्यावरच्या किती खोल्या दिव्यांगांना भाड्याने दिल्या आहेत? जुम्याच्या नमाजनंतर एक टेबल मांडून बीएड-डीएड झालेली चार पोरे यूडीआयडी कार्डाचे आणि घरकुलाचे अर्ज भरायला बसवता येणार नाहीत का? येत्या जुम्याला ट्रस्टींना विचारा. आणि घरमालक असाल, तर आधी भाडेकरारावर सही करून मग विचारा.