लोणारला ब्रह्मास्त्र पडलं नव्हतं, भाऊ

तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. दर दोन-तीन वर्षांनी फिरतो, फक्त फोटो बदलतो. आशय तोच: लोणारचं सरोवर उल्केने झालेलं नाही, ते महाभारत युद्धातल्या अणुस्फोटाचा खड्डा आहे, नासाने हे कधीच मान्य केलंय आणि आपली माध्यमं ते दाबून ठेवतात. काल एका दिवसात मला तो सात ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप शिक्षकांचा आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यातला माणूस, वीसेक वर्षं बातम्या करतोय. 'आपली माध्यमं' म्हणजे त्यात मीही आलो. तर दाबून ठेवलेली सगळी माहिती आज इथे मोकळी करतो. लांब आहे, पण वाचा.

आधी अणुबॉम्बचाच हिशोब करू, कारण मेसेज लिहिणाऱ्याने तो केलेला दिसत नाही. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला. शहर बेचिराख झालं. खड्डा किती मोठा पडला? पडलाच नाही. बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला होता. जवळपास खालीच असलेल्या एका इमारतीचा घुमटाचा सांगाडा आजही उभा आहे, जगभरातले लोक तो बघायला जातात. म्हणजे शहर संपवायला अणुबॉम्ब पुरतो, खड्ड्याची गोष्ट वेगळी आहे.

खड्डा पाडायचा तर बॉम्ब जमिनीत पुरावा लागतो. अमेरिकेने तेही करून पाहिलं. १९६२ साली नेवाडाच्या वाळवंटात १०४ किलोटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या सहा-सात पट ताकदीचा बॉम्ब जवळपास १९० मीटर खोल पुरून फोडला. अणुबॉम्बने कालवे-बंदरं खोदता येतात का, हे त्यांना पाहायचं होतं. (सरकारी डोकी सगळीकडे सारखीच.) त्याला सेडान विवर म्हणतात. रुंदी ३९० मीटर. लोणारच्या विवराची रुंदी सुमारे १,८३० मीटर, आणि तेही नेवाडाच्या भुसभुशीत जमिनीत नाही, आपल्या काळ्या पाषाणात. आता सांगा, ते अस्त्र आकाशातून सोडलं होतं की आधी कोणी पाषाणात बोअर मारून पुरलं होतं?

बरं, समजा तरी पडलं. मग किरणोत्सार कुठाय? प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात. महाभारत युद्ध परंपरेने सांगतात तसं पाच हजार वर्षांपूर्वीचं धरलं, तर तेव्हाच्या प्लुटोनियमचे शंभरातले ८६ भाग आजही त्या मातीत सापडायला हवेत. युरेनियमचं अस्त्र म्हणाल तर ते आणखी चिवट. आणि सरोवराच्या काठावर कमळजा देवीची यात्रा भरते, लोक पिढ्यान् पिढ्या तिथे नवस फेडतायत.

वयाचं तर बोलूच नये. शास्त्रज्ञांमध्ये लोणारच्या वयावर खरंच मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षं येतं, नंतरच्या आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. फरक मोठा आहे आणि तो त्यांनी लपवलेला नाही, छापून ठेवलाय. पण दोन्हीतलं लहान वय घेतलं तरी महाभारताच्या दहापट मागे जावं लागतं.

आता महाभारताकडे येऊ, कारण मला राग येतो तो इथे. हे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी महाभारत वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. युद्ध झालं कुरुक्षेत्रावर. ते हरियाणात. लोणारहून सरळ रेषेत हजार किलोमीटरहून लांब. एवढा नेम चुकणारा योद्धा कोण होता, द्रोणाचार्यांच्या शाळेतला तर नक्कीच नसावा. आणि विदर्भाचा राजा रुक्मी तर त्या युद्धात नव्हताच! तो आधी पांडवांकडे गेला, मग कौरवांकडे गेला, त्याच्या फुशारक्या ऐकून दोघांनीही त्याला परत पाठवलं. आख्ख्या युद्धात आमचा विदर्भ घरी बसून होता, आणि बॉम्ब म्हणे आमच्यावर पडला. अनुशेष इथेही आमच्याच वाट्याला.

मेसेजमध्ये एक 'पुरावा' नेहमी असतो: स्फोटानंतर लोकांचे केस आणि नखं गळाली असं महाभारतात लिहिलंय, म्हणजे किरणोत्सार. हे मौसलपर्वातून उचललंय. तिथे यादवांच्या नाशाआधीचे अपशकुन सांगितलेत, त्यात रात्री उंदीर झोपलेल्या माणसांची केस-नखं कुरतडतात असं आहे. द्वारकेतले उंदीर, राजेहो. त्यांना उचलून कोणीतरी लोणारच्या खड्ड्यात अणुबॉम्ब म्हणून सोडलंय. दुसरा 'पुरावा' हजार सूर्य एकदम उगवल्याच्या उपमेचा. ती गीतेच्या अकराव्या अध्यायातली, विश्वरूप दर्शनाच्या वेळची. त्यात अस्त्राचा संबंध नाही. अमेरिकेत ओपेनहायमरच्या नावाबरोबर ती गाजली आणि तिथून उलट फिरून आपल्याकडे आली.

उलट फिरून आलेली ती एकटीच नाही. ही लोणार-अणुबॉम्बची गोष्ट कोणत्या ऋषींनी सांगितलेली नाही, कोणत्या पुराणात नाही, आमच्या आजीने कधी सांगितली नाही. ती डेव्हिड हॅचर चाइल्ड्रेस नावाच्या अमेरिकन लेखकाच्या लिखाणातून जगभर पसरली. हरवलेली खंडं, प्राचीन विमानं, हा त्यांचा धंदा. त्यांच्याही आधी स्वित्झर्लंडच्या एरिक फॉन डॅनिकेनने १९६८ सालीच परग्रहवासीयांचं दुकान मांडलं होतं. म्हणजे आपण ज्याला स्वदेशी अभिमान म्हणून फॉरवर्ड करतो तो माल आयात केलेला आहे, त्यावर फक्त भगवा कागद गुंडाळलाय.

आपली स्वतःची गोष्ट यापेक्षा कितीतरी चांगली आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहायचा, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या घरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, म्हणून हे लवणाचं तळं आणि म्हणून गावात दैत्यसूदनाचं मंदिर. या गोष्टीला नासाचं सर्टिफिकेट लागत नाही. ती सांगणाऱ्याला माहीत असतं की आपण गोष्ट सांगतोय. आणि बघा ना, वरून काहीतरी आलं, जमीन उघडली, खाली खारट पाणी, एवढं निरीक्षण तिच्यात आहेच. त्या गोष्टीशी माझं काही भांडण नाही. माझं भांडण आहे ते गोष्टीला पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभं करणाऱ्यांशी.

मग खरं कसं कळलं? १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञांचं मत होतं की हे ज्वालामुखीचं काम. मत अडाणीपणाचं नव्हतं. सगळं दख्खनचं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, तर त्यातला खड्डा ज्वालामुखीचाच असणार, असं कोणालाही वाटेल. पण मग सरोवराच्या तळाशी भोकं पाडून गाळाखालचा दगड वर काढला गेला. त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची न वितळताच काच झालेली, तीही स्फटिकाचा आकार तसाच ठेवून. असं करायला लागणारा दाब ज्वालामुखीत तयारच होत नाही. प्रचंड वेगाने येऊन आदळणाऱ्या उल्केच्या धक्क्यात होतो. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून ते छापलं आणि ज्वालामुखीवाल्यांनी हळूहळू आपलं मत सोडलं. पुरावा आला, मत गेलं. आपल्या मेसेजवाल्या काकांना हेच जमत नाही.

मेसेजमध्ये जो 'काचेचा पुरावा' म्हणून सांगतात तो हाच, बरं का. दगडाची काच झाली हे खरं. धक्का अणुस्फोटातही बसतो हेही खरं. वय, आकार, किरणोत्सार बाजूला ठेवून तेवढंच उचललं की झालं ब्रह्मास्त्र.

चुंबकाचंही तसंच. इथे होकायंत्र भरकटतं म्हणून कोणी दैवी शक्ती म्हणतं, कोणी परग्रहावरचं यान पुरलंय म्हणतं. बेसॉल्टमध्ये मुळातच मॅग्नेटाइट असतं. सह्याद्रीतल्या कुठल्याही किल्ल्यावर काळ्या कातळाला होकायंत्र टेकवून बघा, सुई तिथेही हलू शकते.

हल्ली याच्याही पुढची एक टूम आलीय. जगातले सपाट माथ्याचे डोंगर म्हणजे राक्षसी झाडांचे बुंधे, कोणीतरी ती झाडं कापून नेली! अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरपासून हे सुरू झालं. आता मराठी आवाजातले व्हिडिओ अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला बुंधा म्हणतायत, कारण त्याच्यावर उभ्या रेघा दिसतात. अहो, वैशाखात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा शेताचे पाच-सहा कोनी तुकडे होतात की नाही? लाव्हा थंड होताना आकसतो तेव्हा तसेच तुकडे पडतात आणि भेगा आत उतरत गेल्या की खांब तयार होतात. शेतकऱ्याच्या पोराला हे एका वाक्यात कळतं. त्याला बुंधा शिकवायला मोबाइल लागला.

माझ्या धंद्याबद्दलही बोलतो. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा एका पोर्टलने माझ्याकडे बातमी मागितली. मी लिहिलं: नमुने तपासणीला जाणार आहेत. डेस्कवरून फोन आला, "एवढंच? कोप, चमत्कार, काही लोक बोलत असतील ना?" लोक काय, विचारलं तर बोलतातच. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी झालं. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले, जीव फोफावले. ही बातमी त्या पोर्टलने घेतली नाही. तोवर लोक दुसऱ्या रहस्याकडे गेले होते.

तुम्ही म्हणाल, चालू द्या ना, कोणाचं काय बिघडतं? बिघडतंय. विवर म्हणजे फक्त खड्डा नाही. धडक बसली तेव्हा उडालेला दगड-मातीचा थर काठाबाहेर किलोमीटर-सव्वा किलोमीटर पसरलेला आहे. बेसॉल्टमध्ये इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर क्वचित सापडतं, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात आणि त्यांना तोच थर हवा असतो. त्यावर घरं, शेतं, रस्ते, मुरमाचं खोदकाम. वेडी बाभूळ उतारावर घुसलीय. गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न नागपूर खंडपीठापर्यंत गेला, वर्षानुवर्षं तारखा पडल्या. खारं पाणी हीच या सरोवराची जान, त्यात गोडं आणि घाण पाणी मिसळत राहिलं तर दुसरीकडे न सापडणारे सूक्ष्मजीव टिकणार कसे? नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत गेलं, फटाके वाजले, फलक लागले.

ब्रह्मास्त्रवाल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याच्या लेखी हा देवाचा खड्डा, त्याला नगरपालिकेची गटार काय करणार? काठाबाहेरच्या थराशी त्याला घेणंदेणं नाही, कारण अणुबॉम्बच्या गोष्टीत तो थर नाहीच. शाळेची सहल येते, मुलं काठावरून खाली बघतात, माहिती सांगणारा ब्रह्मास्त्र सांगून मोकळा होतो, गुरुजी मान डोलावतात. त्या मुलांच्या पायाखाली, शब्दशः पायाखाली, जो उडालेला दगड असतो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

तर काकांनो, मामांनो, ग्रुप अॅडमिन साहेबांनो, पुढचा मेसेज पाठवायच्या आधी एक करा. लोणारला या. एसटी येते. काठावर उभं राहून गावाकडच्या बाजूने खाली काय वाहतंय त्याचा फोटो काढा आणि तो सात ग्रुपवर टाका. नासाचं नाव लावायचं तर लावा, माझी हरकत नाही.