घरची वीजशाळा

मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकविणारीं कांहीं कुटुंबें आतां महाराष्ट्रांतही दिसूं लागलीं आहेत. भाषा, गणित, इतिहास हे विषय घरांतील वडील मंडळी हौसेनें शिकवितात. परंतु विजेचें प्रकरण निघालें कीं सारे कचरतात. प्रयोगशाळा नाहीं, उपकरणें नाहींत, आणि पोरांच्या हातीं तारा देण्याची धास्ती! मग तें प्रकरण पाठ करवून उरकलें जातें. बाभुळगांवासारख्या ठिकाणीं राहणाऱ्या आम्हांस ही अडचण समजते. पण ती दूर होण्यासारखी आहे, असें आमचें मत आहे.

आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांत पहिला मान प्रत्यक्षाचा. आमच्या घराण्यांतून मात्र शब्दाचीच प्रतिष्ठा फार; पाना आणि पक्कड हीं दुसऱ्याच्या हातचीं, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ओहमचा नियम घडाघडा म्हणणारा मुलगा विजेरी बंद पडली म्हणजे गोंधळतो, तो याचमुळें.

तेव्हां आरंभ प्रत्यक्षापासून करावा. दीड व्होल्टचे दोन सेल, तांबड्या रंगाचा एक एल.ई.डी. आणि शंभर ओहमचा एक रोधक, एवढें साहित्य पुरे. तीं सर्व एका माळेंत जोडून एल.ई.डी.चा लांब पाय धन टोकाकडे ठेवावा, दिवा लागेल. आतां पाय उलट करावे. दिवा लागणार नाहीं. मूल म्हणेल, सेल संपले. त्यास लगेच उत्तर सांगूं नये. एल.ई.डी. व रोधक काढून त्या जागीं विजेरीचा जुना तारेचा बल्ब लावण्यास सांगावें. तो सुलटाही पेटतो आणि उलटाही. म्हणजे दोष सेलांचा नव्हे. त्या लहानशा दिव्यांतून प्रवाह एकाच दिशेनें जातो. हें झालें अनुमान. मग विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह दाखवावा. तो पाणी वर जाऊं देतो, खालीं परतूं देत नाहीं. हें उपमान. आणि एवढें झाल्यावर ‘डायोड’ हा शब्द उच्चारावा. तीन व्होल्टांतून दिव्याचे सुमारें दोन वजा जातां एक उरतो; त्यास शंभरानें भागिलें कीं प्रवाह एकशतांश अँपिअर. ओहमनें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आतां मुलाच्या बोटांस ठाऊक झालेला असतो.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरांतला. लिंबांत तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा परस्परांस न लागतील असे खोंवावे. एका लिंबाचा दाब एक व्होल्टच्या आंतबाहेरच असतो. म्हणून तीनचार लिंबें ओळीनें जोडावीं. अंधाऱ्या खोलींत तांबडा एल.ई.डी. मंद उजळतो, बल्ब मात्र पेटत नाहीं. असें कां, हा प्रश्न मुलास दोन दिवस छळूं द्यावा. दाब असूनही प्रवाह तुटपुंजा असूं शकतो, हा भेद त्यांतून कळतो. हीं लिंबें नंतर टाकून द्यावीं. त्यांत जस्त उतरलेलें असतें.

हा मार्ग नवा नव्हे. आमच्या शेजारच्या वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें भरलेल्या शिक्षण परिषदेंत गांधीजींनीं हाताच्या कामांतून शिक्षण हाच विचार मांडला. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला, तो करून शिकण्यासाठींच. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत श्री. अरविंद गुप्ता यांनीं एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि मुलामा दिलेली तांब्याची तार एवढ्यावर फिरणारी मोटार असंख्य मुलांकडून करविली. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचीं पुस्तकें मराठींतही आहेत. आणि १८२१ सालीं विजेनें तार प्रथम फिरविणारा फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करतां करतां तो शिकला.

आतां पथ्यें. भिंतींतील वीज २३० व्होल्टची; तिला प्रयोगांत स्थान नाहीं, हा नियम अपवादावांचून पाळावा. मोबाईलची बॅटरी उघडूं नये. एकत्र कुटुंबांत रांगतीं मुलें असतात. बटनासारखे सेल व बारीक चुंबक पोटांत गेल्यास प्राणावर बेतते, म्हणून ते मोजून द्यावे व मोजून परत घ्यावे. डाग देण्याचें काम मोठ्या माणसाच्या देखरेखीवांचून होऊं नये. मुलींस केवळ पाहावयास बसवूं नये. जोडणी त्यांच्याही हातून व्हावी.

एक वही मात्र अवश्य ठेवावी. प्रयोगापूर्वीं काय घडेल तें मुलानें लिहावें, नंतर घडलें तें लिहावें. दोहोंत अंतर पडलें तर रागावूं नये. शिकण्याची जागा तीच. घरीं शिकणाऱ्या मुलास घंटेची घाई नसते. तो अवकाश पाठांतरानें भरून टाकला, तर शाळा सोडून मिळविलें काय, याचा विचार सुज्ञ पालकांनींच करावा.