शेवटचा सायकलस्वार

सायकलसहल काढावयाची म्हणजे मार्ग, शिदोरी व पंक्चर काढण्याचे साहित्य यांची तयारी आलीच. परंतु माझ्या मते पहिला विचार मागे राहणाऱ्याचा व्हावा. आंरी देग्रांज यांनी १९०३ साली फ्रान्समध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. त्यांनीच १९०४ साली फ्रान्समध्ये शर्यतीवाचूनच्या एका प्रकारच्या सायकलसहलीही सुरू केल्या. त्यांत नायकाने ठरविलेल्या वेगानेच सर्वांनी मिळून जावयाचे असे.

वेगवान मुलांना हे जाचक वाटेल. पण निर्जन वाटेवर मागे पडलेल्या सोबत्याचे चाक पंक्चर झाले, तर त्याने कोणास हाक मारावी? म्हणून, मुलांनो, एक जाणता सायकलस्वार सदैव सर्वांच्या मागे ठेवा. शर्यत पहिल्याची असते, सहल सर्वांची. निघाले तेवढे एकत्र परतले, तरच ती साधली.