मोडक्या पट्टीची कैफियत

मुंबईत कुर्ल्याला घडलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून २०२३ साली तेथून निवृत्त झाली. आपल्या सुरतेत मात्र एखाद्या अंगणात ती अजून जपलेली आढळते. उन्हाने तिच्या आतील प्लॅस्टिकची पट्टी तडकली, की ‘फेकून द्या’ असा सल्ला मिळतो. मला तो मान्य नाही. कारखानाच थांबला, नवी पट्टी कोण घडविणार? पट्टी एबीएस प्लॅस्टिकची असेल, तर त्याच प्लॅस्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी चिरेत भरावी, मागून बारीक जाळी बसवावी. जोड एकजीव होतो. पॉलिप्रॉपिलीनवर ही मात्रा चालत नाही. म्हणून आधी आडकोपऱ्यात एक थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तरच पुढे जावे. (ॲसिटोन ज्वालाग्राही आहे, विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांविना त्यास हात लावू नये.) जोड दिसला तर दिसो; तो रंगाखाली लपविण्याची धडपड मला रुचत नाही.