फियाट घ्यावी की न घ्यावी?

(तृतीय वर्ष, कला)

डेन्मार्कच्या राजपुत्राला पडलेला प्रश्न फार मोठा होता, असे इंग्रजीचे सर सांगतात. गेल्या पावसाळ्यात मला पडलेला प्रश्न त्या मानाने अगदीच किरकोळ. पण त्या राजपुत्राला निदान पुढच्या वर्षाची फी भरायची नव्हती!

आमच्या गावी डॉक्टरांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक फियाट उभी आहे. नोंदणी 1973 सालची. रंग मूळचा फिकट निळा, आता कोणता ते सांगणे कठीण. डॉक्टर जाऊन सहा वर्षे झाली, आणि तेव्हापासून तिचे चाक हललेले नाही. रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवर जाणारी ती हीच गाडी. माझी थोरली बहीण तालुक्याच्या दवाखान्यात जन्मली, वाटेत ओढ्याकाठी नव्हे, याचे श्रेय आई अजून या फियाटलाच देते.

काकूंना आता शेड मोकळी करायची आहे. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा हिशेब सांगून गेला. मी चौकशी केली तेव्हा काकू म्हणाल्या, "तुला चाळीस हजारांना देईन. पण तिचं काय करणार, ते आधी सांग."

तिचे काय करणार, हे माझ्या डोक्यात पक्के होते. मला तिचा हॉट रॉड करायचा होता.

हॉट रॉड म्हणजे काय, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. हे वेड मूळचे अमेरिकेतले, त्यातही दक्षिण कॅलिफोर्नियातले. फोर्ड कंपनीने 1908 ते 1927 या काळात 'मॉडेल टी' या गाड्या दीड कोटींच्या घरात काढल्या. पुढे त्या जुन्या झाल्या आणि मातीमोलाने मिळू लागल्या. 1930 नंतरच्या मंदीच्या दिवसांत खिसा रिकामा असलेल्या तरुणांनी त्या घेतल्या, मडगार्डे काढून टाकली, वजन उतरवले, इंजिनाची ताकद वाढवली आणि म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर शर्यती लावल्या. 1932 साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरांचे 65 अश्वशक्तीचे इंजिन बसवले आणि या मंडळींना पर्वणीच लाभली. महायुद्ध संपल्यावर सैन्यात यंत्रे हाताळायला शिकलेली मुले घरी परतली, तसे हे वेड आणखी पसरले. 1948 च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिक निघाले. रस्त्यावरच्या शर्यतींनी लोक वैतागले, तेव्हा हा खेळ शिस्तीत आणण्यासाठी 1951 मध्ये राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

या साऱ्या चित्रफिती मी मोबाईलवर पाहिल्या आणि रात्री डोळे मिटले की डॉक्टरांची फियाट छप्पर उतरवून, ज्वाळांचे पट्टे रंगवून, धुरळा उडवीत माझ्यापुढून जाऊ लागली. त्यात एका मित्राने भर घातली. अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांनी पुढे फियाटच्याच 'टोपोलिनो' या चिमुकल्या गाडीचे सांगाडे घेऊन त्यांत राक्षसी इंजिने बसवली, हे त्याने कुठेतरी वाचले होते. गोष्ट खरी आहे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास!

बँकेत माझे बासष्ट हजार रुपये आहेत. तीन वर्षांच्या शिकवण्या आणि 'कमवा व शिका' योजनेतले काम यांतून ते साठले. पुढच्या वर्षी एम.ए.साठी पुण्याला जायचे, तेव्हा राहण्या-जेवण्याची सोय म्हणून ठेवलेले. म्हणजे प्रश्न फियाटचा दिसत होता, पण खरा प्रश्न पुण्याचा होता. अर्थशास्त्राच्या वर्गात 'संधी खर्च' ही संज्ञा मी तीनदा पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र मला त्या शेडमध्ये उभा राहिल्यावर कळला.

मामांचे तालुक्याला गॅरेज आहे. एका रविवारी त्यांना घेऊन गेलो. येताना त्यांनी अवजारांची पेटी आणली नाही. एक लोहचुंबक, एक पेचकस आणि एक विजेरी एवढेच आणले. दारांच्या खालच्या कडांवर त्यांनी चुंबक फिरवला. काही ठिकाणी तो चटकन चिकटला, काही ठिकाणी घसरून खाली पडला. "इथे पत्रा नाही, लांबी भरलीय," मामा म्हणाले. मग पायपुसणी उचलून तळाचा पत्रा पेचकसाने टोचून पाहिला. चालकाच्या पायांखाली पेचकस सरळ आरपार गेला आणि शेडमधली जमीन दिसली. सहा पावसाळ्यांचे ते काम. चासी आणि इंजिन यांवरचे क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकांशी ताडून पाहिले, ते मात्र जुळले. इंजिन हाताने फिरवून पाहिले, अडकलेले नव्हते.

मग मी भीत भीत हॉट रॉडची कल्पना सांगितली. मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गाडीच्या छपरावर हात ठेवून त्यांनी जे सांगितले, ते मला कोणत्याही चित्रफितीत मिळाले नव्हते.

ते असे : अमेरिकेतल्या त्या जुन्या फोर्ड गाड्यांना खाली लोखंडी चौकट वेगळी असे आणि वर शरीर वेगळे. बैलगाडीची साटी उचलून ठेवावी तसे वरचे शरीर उचलता येई, मडगार्डे सोडवता येत, आणि चौकट धड राही. आपल्या या फियाटचे तसे नाही. हिच्यात पत्र्याचे शरीर हीच चौकट. छप्पर, खांब, दारांखालच्या पट्ट्या, तळ, सगळे मिळून ओझे पेलतात. छप्पर कापले की गाडीचा कणाच कापला. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, आणि चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. तिथे दुप्पट-तिप्पट ताकदीचे इंजिन बसवायचे तर ब्रेक, स्टिअरिंग, गिअरपेटी, मागचा धुरा, सारेच बदलावे लागणार. "पळवणं सोपं असतं रे," मामा म्हणाले, "थांबवणं महाग असतं."

हे वाक्य मी फळ्यावर लिहिण्याच्या योग्यतेचे समजतो.

यानंतर कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की, उत्पादकाने गाडी जशी काढली त्याहून नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत एका खटल्यात हेच ठामपणे सांगितले. गॅसवर चालण्याची सोय करण्यासारखे काही बदल परवानगीने करता येतात. छप्पर उतरवणे त्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. ज्वाळांचे पट्टे सोडले तर माझ्या मनातल्या गाडीत फेरफारांखेरीज काहीच नव्हते!

आणि गंमत पाहा. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, मेळावे, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरती ती रस्त्यावर आणता येते. डॉक्टरांच्या फियाटने पन्नाशी ओलांडली आहे. म्हणजे जिला कापायला मी निघालो होतो, तिला न कापल्याबद्दलच मान मिळण्याची वेळ आली होती. तत्त्वज्ञानाचे सर आम्हांला थिसिअसच्या जहाजाचे कोडे घालतात : एकेक फळी बदलत गेलो तर शेवटी ते जहाज तेच राहते का? आमच्या परिवहन खात्याने निदान मोटारींपुरता हा वाद मिटवला आहे. चासीवरचा क्रमांक काय म्हणतो ते बोला!

आता हिशेब. मामांनी पाकिटाच्या मागे आकडे मांडले. तळाचा आणि दारांखालचा पत्रा, इंजिनाचे रिंग-पिस्टन, ब्रेक, वायरिंग, टायर, रंग. आकडा एक लाख सत्तर हजारांवर गेला, तोही मजुरी घरची धरून. हे गाडी मूळ रूपात चालती करण्यापुरते. हॉट रॉडचा आकडा त्यांनी मांडलाच नाही. पाकीट संपले होते. शिवाय सुटे भाग. मुंबईच्या रस्त्यांवर या घाटाच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या धावत होत्या तोवर त्यांचे भाग सहज मिळत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेलेली ही गाडी टॅक्सी म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून निवृत्त झाली. आता भाग हुडकत फिरावे लागते.

इथवर वाचून प्राध्यापक मंडळी मान डोलावतील आणि म्हणतील, "म्हणजे नाद सोडलास, छान केलेस." त्यांची क्षमा मागून सांगतो की, माझे म्हणणे तसे मुळीच नाही.

आपल्याकडे कला शाखेच्या मुलाने हाताला ग्रीस लावले की ते पोट भरण्यासाठी तरी असावे लागते, नाहीतर तो उनाडपणा ठरतो. हौस म्हणून कविता केलेली चालते, हौस म्हणून कार्बोरेटर साफ केलेला चालत नाही. हा भेद मला मान्य नाही. एखादी वस्तू कशी चालते हे समजून घेण्याची ओढ आणि एखादी ओवी कशी चालते हे समजून घेण्याची ओढ यांत मला फार अंतर दिसत नाही. आपण सारे वस्तू वापरतो; बिघडल्या की टाकतो. बंद पडलेले यंत्र स्वतःच्या हातांनी पुन्हा चालू करणाऱ्याला जो आत्मविश्वास येतो, तो परीक्षेच्या पहिल्या वर्गाने येत नाही, हे मी दोन्ही अनुभव जवळून पाहून लिहितो आहे. पहिला वर्ग माझा होता, यंत्र मामांचे!

तेव्हा आक्षेप नादाला नाही, नकलेला आहे. त्या अमेरिकन पोरांनी काय केले? त्यांच्या आसपास जे सर्वांत मुबलक, सर्वांत स्वस्त आणि लोकांनी टाकून दिलेले होते, ते घेतले आणि त्यावर स्वतःची बुद्धी व घाम खर्च केला. हॉट रॉडचे मर्म तिथे आहे, ज्वाळांच्या पट्ट्यांत नाही. मी मात्र जे दुर्मिळ होत चालले आहे ते कापायला निघालो होतो, तेही त्यांच्यासारखे दिसावे म्हणून. ते मुबलक गोष्टीतून आपली गोष्ट घडवीत होते. मी आपली गोष्ट मोडून त्यांची नक्कल घडवणार होतो.

माझ्यासारखा मोह ज्यांना पडेल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : ही गाडी दोन वर्षे अंगणात उघडी-नागडी पडून राहिली, तर मला आणि घरच्यांना ती सोसवेल का? दुसरा : गाडीच्या किमतीच्या तिप्पट-चौपट खर्च आला, तर तो कुठून येईल? तिसरा, आणि सर्वांत अवघड : मला गाडी हवी आहे, गाडी दुरुस्त करणे हवे आहे, की गाडीशेजारी उभा असलेला मी हवा आहे? शेवटचे उत्तर आले तर पैसे बँकेतच बरे. माझे उत्तर पहिल्या दिवशी तेच होते, हे कबूल करायला मला तीन आठवडे लागले.

दिवाळीच्या सुट्टीत काकूंकडे गेलो. म्हटले, "काकू, गाडी आज घेत नाही. पैसे पुण्यासाठी लागतील. पण तोवर दर रविवारी मामांच्या गॅरेजात काम शिकणार आहे. दीड वर्षाने हात तयार झाला आणि गाडी असली, तर घेईन. कापणार नाही. डॉक्टर चालवत होते तशीच चालवीन." भंगारवाला थांबणार नाही हे मला ठाऊक होते. हातची गाडी घालवतो आहोत हेही कळत होते.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शेडचा पत्रा गळतो. तेवढा बदलून दे. बाकी मी बघते."

गेल्या महिन्यात आम्ही दोघा मित्रांनी पत्रे बदलले. साडेचार हजार रुपये गेले. अर्थशास्त्राचे सर याला गुंतवणूक म्हणतील की बुडीत खर्च, मला सांगता येत नाही. यंदाच्या पावसात फियाट कोरडी राहील, एवढे मात्र सांगता येते.