गाडी सावध झाली, चालकाचे काय?

विज्ञानाने माणसाचे श्रम हलके केले, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. आता विज्ञान माणसाची सावधगिरीही वाटून घेऊ लागले आहे. नव्या मोटारींत समोरच्या काचेमागे बसविलेला कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुढची वाहने ओळखतो. पुढच्या भागात दडलेले रडार रेडिओ लहरी सोडून अंतर व वेग मोजते. टक्कर होणार असे दिसले की गाडी प्रथम इशारा देते आणि चालकाने तो ऐकला नाही तर स्वतःच ब्रेक लावते. या चालक-साहाय्यक यंत्रणेला ‘एडास’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत ती भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांत येऊ लागली. आता आमच्या मुळगावातून जाणाऱ्या म्हापसा-डिचोली रस्त्यावरही अशा गाड्या दिसतात. मग आपले रस्ते सुरक्षित झाले काय?

चालकांना विचारले तर दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. चौपदरी महामार्गावर लांबचा प्रवास करणारे या यंत्रणेची स्तुती करतात. पुढची गाडी अचानक थांबली तेव्हा आपला पाय पोहोचण्याआधी ब्रेक लागला, असे ते सांगतात; आणि ते खोटे नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर अंतर कापते. मोबाईलकडे टाकलेला एक कटाक्ष तेवढाच वेळ घेतो. त्या दोन सेकंदांत जागे असणारे यंत्र जीव वाचवू शकते, यात शंका नाही.

परंतु तीच गाडी गावच्या रस्त्याला लागली की तक्रारी सुरू होतात. इथे पांढरा पट्टा कुठे पुसलेला, कुठे मुळातच नाही. पावसाळ्यात गुरे कोरडी जागा म्हणून डांबरावर बसतात. डाव्या बाजूने स्कूटर घुसते, वळणावर मोटारसायकल पायलट पुढे काढतो. खड्डा चुकवावा म्हणून सुकाणू वळवले तर गाडी ते परत ओढू पाहते. ट्रकमागून जाताना उडालेला तांबडा चिखल कॅमेऱ्यासमोरची काच झाकतो आणि यंत्राचे डोळेच मिटतात. घडोघडी वाजणाऱ्या इशाऱ्याला कंटाळून कित्येक चालक ही यंत्रणा सरळ बंद करून टाकतात. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. दहा वेळा उगाच वाजलेली घंटा अकराव्या वेळी कोण ऐकणार?

मात्र सगळा दोष यंत्राचा नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मागच्या आसनावर बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. देश हळहळला. पण पट्ट्याचा इशारा गप्प करणाऱ्या चिमट्यांची विक्री चालूच होती. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाईन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले, तेव्हा अशा चिमट्यांच्या तेरा हजारांहून अधिक जाहिराती हटवाव्या लागल्या. स्वतःच्याच रक्षणाचा आवाज पैसे मोजून बंद करणाऱ्या समाजाला कोणते यंत्र तारणार?

याच्या उलट टोकही तितकेच घातक आहे. १९८०च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात काही टॅक्सींना चाके न अडकू देणारे एबीएस ब्रेक बसविले, काहींना बसविले नाहीत. अपघात कमी होतील अशी अपेक्षा होती. पण दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चांगले ब्रेक मिळालेले चालक अधिक बेधडक गाडी हाकू लागले होते. पूर्वी गाडीवान डुलकी घेई आणि बैल ओळखीच्या वाटेने घर गाठत. नव्या मोटारीचा चालक तसा विश्वास टाकू लागला तर अनर्थ होईल. बैलाला घरची वाट ठाऊक होती. आजच्या यंत्रणेला फक्त आसपासचे काही अंतर दिसते.

आणखी एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ही सुरक्षितता कोणासाठी? जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाचा इशारा सक्तीचा आहे. तो ताशी ८० किलोमीटरला सुरू होतो आणि १२०च्या पुढे सतत वाजतो. शाळेसमोरच्या अरुंद रस्त्यावर ६०चा वेगही जीवघेणा आहे, पण तिथे घंटा मुकी! २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य मोटारीच्या बाहेर होते. आणि टक्कर टाळणारे यंत्र मिळते ते बहुधा महागड्या गाडीत बसणाऱ्याला.

डिचोली तालुक्याला खनिजवाहू ट्रकांचा अनुभव नवा नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, लिलावानंतर पुन्हा सुरू होऊ लागल्या. ज्या वाहनाच्या धडकेत वाचण्याची आशा सर्वांत कमी, त्या टिप्परला आणि प्रवासी बसला टक्कर टाळणारे ब्रेक प्रथम हवेत. तोपर्यंत वस्तीतून जाताना वेगमर्यादा काटेकोरपणे पाळली जावी, रस्त्यांवर पट्टे आखले जावेत आणि चालकाचा परवाना देताना या यंत्रणांची माहितीही तपासली जावी. नवी गाडी देताना चाव्यांबरोबर तासभर शिकवण मिळावी, अशी मागणी ग्राहकांनी केली पाहिजे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण लवकरच गाडीच्या सुकाणूवर बसतील. ‘देव तारी त्याला कोण मारी’ असे म्हणत वेग वाढविणे जसे चुकीचे, तसेच ‘यंत्र तारील’ म्हणत बेसावध राहणेही चुकीचे. यंत्र ब्रेक लावू शकते. रस्त्याच्या कडेने शाळेला निघालेले मूल आपल्याच गावचे आहे, हे त्याला कळत नाही. ते चालकालाच कळले पाहिजे.