नाव कळलं म्हणजे झाड कळलं का?



पावसाळा सुरू झाला की कुंडीत, बांधावर, शाळेच्या कुंपणापाशी कुणीही न लावलेली झाडं उगवतात. आपण मोबाईलवर फोटो काढतो, ॲप एक नाव सांगतं आणि आपल्याला वाटतं, झालं, झाड ओळखलं! माझं मत वेगळं आहे. त्या झाडात कोणती रसायनं आहेत आणि ती पोटात गेल्यावर काय करतात, हे कळेपर्यंत ओळख अर्धवटच असते.

रोजच्या अळूचंच उदाहरण घ्या. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून अर्धकच्चं अळू खवखवतं. आजी ते भरपूर शिजवते, वर चिंच किंवा आंबट चुका घालते. ठाणे-रायगडकडे पहिल्या पावसात शेवळं निघतात. तीही अशीच खाजरी, म्हणून काकड नावाच्या आंबट फळांसोबत शिजवायची रीत आहे. स्वयंपाकघरातलं हे रसायनशास्त्र पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आलं आहे.

पण प्रत्येक विष शिजवून जात नाही. कळलावीचं लाल-पिवळं फूल दिसायला देखणं, पण तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. हेच रसायन डॉक्टर गाउट या सांध्यांच्या आजारावर अगदी मोजून देतात. कंद खाल्ला तर मात्र जीव जाऊ शकतो. चंद्रज्योतीला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून शेतकरी ती कुंपणाला लावतात. तिच्या बिया मात्र मुलांना शेंगदाण्यासारख्या चवदार लागतात. त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे बोलणं सोडून द्यायला हवं.

मग रानभाज्या खायच्याच नाहीत का? जरूर खा! पण पानांची मांडणी, देठ, फूल, फळ, चीक, वास हे सगळं पाहा. चव घेऊन ओळखायला जाऊ नका. एकाच नावाने दोन गावांत दोन वेगळी झाडं ओळखली जातात, म्हणून शास्त्रीय नावही विचारा. आणि वर्षानुवर्षं ती भाजी खुडणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय घरी आणू नका.

प्रत्येक शाळेने आपल्या आवारातल्या झाडांची एक वही करावी, असं मला वाटतं. त्यात स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, खाण्याजोगं की विषारी, एवढं लिहावं. सुरुवात कुंपणावरच्या चंद्रज्योतीपासून करावी. आणि एक गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ हवी: कुणी अनोळखी फळ किंवा बी खाल्लं तर घाबरून लपवायचं नाही. लगेच मोठ्यांना सांगायचं आणि त्या झाडाची फांदी सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.